घरच्या घरी आइस्क्रीम-सोडा

पाहुणा आला की रंगीत पेयाची बाटली फोडून पुढे करण्याची रीत आता खेडोपाडी पोचली आहे. तीत वावगे काही नाही; परंतु मुलाबाळांच्या आनंदाचा दिवस असेल, तर थोड्या श्रमाने याहून पुष्कळ सरस असा आइस्क्रीम-सोडा घरीच करता येतो.

हे पेय मूळचे अमेरिकेतील. १८७४ साली फिलाडेल्फिया येथे फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने भरविलेल्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन नावाच्या सोडाविक्रेत्याने गोड सोड्यात आइस्क्रीम घालून विकले. जवळची साय संपली म्हणून ही युक्ती सुचली, अशी एक कथा आहे. प्रतिस्पर्ध्याची गिऱ्हाइके आपल्याकडे वळावीत म्हणून ती मुद्दाम योजली, असे ग्रीनचे स्वतःचे म्हणणे. या शोधावर इतरांनीही हक्क सांगितला. तिकडील काही गावांत रविवारी सोडा विकण्यास मनाई होती. तेव्हा सोडा वगळून नुसते पाक घातलेले आइस्क्रीम विकले जाऊ लागले व त्यालाच 'संडे' हे नाव पडले, असेही सांगतात.

आता कृती. प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. येथे सोडा म्हणजे बाटलीतील साधे सोडावॉटर. खाण्याचा सोडा नव्हे. खाण्याच्या सोड्यात लिंबू पिळून फेस येतो खरा, पण चव खारट होते.

एक वाटी साखर, अर्धी वाटी कोको, एक वाटी पाणी व चिमूटभर मीठ एकत्र करून तीन-चार मिनिटे उकळावे आणि पाक पूर्ण गार करावा. उंच पेल्यात दोन-तीन मोठे चमचे पाक घालून त्यात दोन चमचे थंड दूध अथवा साय ढवळावी. मग अतिशय गार सोडा कडेकडेने पाऊण पेल्यापर्यंत ओतावा. त्यावर आइस्क्रीमचा गोळा अलगद सोडावा व शेवटी सोड्याची एक बारीक धार वरून धरावी. माळ्यावर जुना लाकडी पॉट असेल, तर बर्फ व खडेमीठ आणून आइस्क्रीमही घरीच फिरवावे. मुले पाळीपाळीने दांडा फिरवतात.

हा क्रम मोडू नये. एका वाढदिवशी आम्ही सोडा आदल्या रात्रीच फोडून ठेवला आणि पाकही कोमट वापरला. फेस आलाच नाही. मुलांच्या हाती नुसते गढूळ गोड पाणी पडले व पैसे वाया गेले. थंड पाणी वायू धरून ठेवते, कोमट पाणी तो सोडून देते. आइस्क्रीममधील बर्फाच्या कणांवर त्या वायूचे बुडबुडे धरतात आणि दुधातील प्रथिने त्यांना फुटू देत नाहीत. त्यातून तो दाट, मऊ फेस उभा राहतो. खरी गोडी त्या फेसातच आहे.

कोकम किंवा लिंबाचा पाक मात्र येथे वापरू नये. आंबटपणाने दूध नासते. पेल्याखाली बशी ठेवावी, लांब चमचा द्यावा आणि सर्वजण बसल्यावरच सोडा फोडावा.