सगळे रिपोर्ट नॉर्मल

कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं पाच हजारांच्या आतबाहेरचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. शेतातलं शेणखत धुऊन एका विहिरीत उतरलं आणि क्लोरीन पुरेसं न पडलेलं ते पाणी नळांतून घरोघर गेलं. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंनी सुमारे २,३०० जणांना आडवं केलं, त्यातले सात दगावले.

साथ गेली, पण पोटं ठिकाणावर आली नाहीत. दोन-तीन वर्षं उलटली तरी कित्येकांना जेवण झालं की कळ यायची. कधी दिवसातून चारदा पळापळ, तर कधी तीन दिवस पोट साफ नाही. जंतू केव्हाच गेले होते. आतड्यात जखम नव्हती, गाठ नव्हती. याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. अवयवाची रचना शाबूत, पण काम बिघडलेलं, म्हणून हा ‘फंक्शनल’ आजार. अंगभर ठणका लावणारा फायब्रोमायल्जिया याच घराण्यातला. क्रॉनिक फटीग सिंड्रोमलाही पुष्कळदा इथेच बसवतात. बऱ्याच रुग्णांना आणि काही संशोधकांना ते मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

वॉकरटनमध्ये संशोधकांना एरवी न मिळणारी गोष्ट मिळाली. एकच गाव, एकच तारीख, आणि शेजारीशेजारी राहणारी आजारी पडलेली व न पडलेली माणसं. ज्यांना गॅस्ट्रो झालाच नव्हता त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. ज्यांच्या गॅस्ट्रोची वैद्यकीय नोंद होती त्यांच्यात ते ३६ टक्के होतं. जुलाब आठवड्याहून जास्त लांबलेले, शौचातून रक्त गेलेले, वजन साडेचार किलोंहून अधिक उतरलेले, अशांना धोका जास्त. स्त्रियांना आणि तरुणांनाही जास्त. आठ वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा आजारी पडलेल्यांतलं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. म्हणजे बरेच जण आपोआप सावरले. ही गोष्ट पेशंटला कुणी सांगत का नाही, कोण जाणे.

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाजवळ असाच एक अभ्यास झाला. क्यू फीवर, रॉस रिव्हर विषाणू आणि ग्रंथिज्वर आणणारा एपस्टाइन-बार विषाणू असे तीन निरनिराळे संसर्ग झालेल्या २५३ जणांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनंतर साधारण १२ टक्के लोक अजूनही थकव्याने अंथरुणाला खिळल्यासारखे होते. हे कोणाचं होणार, याचा अंदाज वय, स्वभाव किंवा जंतूची जात यांवरून बांधता आला नाही. पहिलं दुखणं किती जोरात आलं होतं, त्यावरून मात्र बांधता आला.

मग मनाचा काही संबंधच नाही का? आहे. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांना आढळलं, की गॅस्ट्रोच्या आगेमागे आयुष्यात मोठा ताण आलेल्यांचं पोट पूर्ववत होण्याची शक्यता कमी असते. यातून ‘सगळं डोक्यात आहे’ असा निष्कर्ष काढणारे डॉक्टर आपल्याकडेही कमी नाहीत. पण २०२१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या गटाने वेगळीच वाट दाखवली. त्यांनी उंदरांना आतड्याचा संसर्ग झालेला असतानाच अंड्यातलं एक प्रथिन खायला दिलं. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिलं, तर पोट दुखायला लागलं. आतड्याच्या पहारेकऱ्यांनी जंतूसोबत अन्नालाही चोरांच्या यादीत टाकलं होतं, आणि तेही फक्त आतड्यापुरतं. रक्ताच्या ॲलर्जी तपासणीत यातलं काही सापडत नाही. मग आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोया, दूध यांचे अर्क सुईने सोडले. बाराच्या बारा जणांत कशा ना कशावर प्रतिक्रिया उमटली. निरोगी आठांपैकी दोघांतच उमटली. बारा ही काही मोठी संख्या नव्हे, पण फाइलमध्ये न दिसणारं दुखणं कुठे दडू शकतं, एवढं त्यातून कळतं.

आता थोडं अडचणीचं. आजार होणं वेगळं आणि त्याचं निदान होणं वेगळं. फायब्रोमायल्जियासाठी १९९० पासून शरीरावरच्या १८ ठरावीक जागा नख पांढरं पडेपर्यंत अंगठ्याने दाबत आणि ११ जागी दुखलं तर शिक्का मारत. दवाखान्यात असं निदान झालेल्या दहांपैकी नऊ जण स्त्रिया असतात. २०१० मध्ये ती दाबादाबी गेली आणि प्रश्नावली आली. तिच्या आधारे सरसकट लोकसंख्येत मोजणी केली, तर स्त्रियांचा वाटा ६० टक्क्यांच्या आत येतो. उरलेले पुरुष एक तर डॉक्टरकडे जात नाहीत, किंवा गेले तर डॉक्टरांच्या मनात ते नावच येत नाही. आयबीएसचं आपल्याकडे नेमकं उलटं आहे. पाश्चात्त्य देशांत हा बायकांचा आजार समजतात, तर भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या नोंदींत पुरुष जास्त दिसतात. आतडी देश पाहून बदलत नाहीत. बसभाडं, फी आणि दिवसभराची सवड कुणाला मिळते, ते बदलतं.

दवाखान्यात न पोचणाऱ्या बायकांना काय होतं, हे पाहायला घरोघरीच जावं लागतं. उत्तर गोव्यात संशोधक विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ते केलं. १८ ते ५० वर्षांच्या सुमारे अडीच हजार बायकांशी बोलून, रक्त तपासून २००५ मध्ये निष्कर्ष छापले. १२ टक्के जणींना सहा महिने किंवा अधिक काळ थकवा होता. अशी बाई दवाखान्यात आलीच, तर तिच्या हातावर आधी लोहाच्या गोळ्या पडतात. पण इथे थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध लागला नाही. तो लागला कमी शिक्षणाशी, कुटुंबाच्या डोक्यावरच्या कर्जाशी, खालावलेल्या मन:स्वास्थ्याशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी.

याच बायकांना अंगावरून पांढरं जाण्याबद्दलही विचारलं होतं. आपल्याकडे या तक्रारीवर अँटिबायोटिक्सचा कोर्स ठरलेला. तपासणीत तिचा जंतुसंसर्गाशी संबंध बेताचाच निघाला, मानसिक-कौटुंबिक ताणाशी जास्त. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे होतं, असंही त्यांना विचारलं. त्यांच्या उत्तरांत सर्वांत वर होतं टेन्शन, त्याच्या लगोलग अंगातली उष्णता, आणि संसर्ग त्यानंतर.