शांघायमध्ये बिऱ्हाड मांडताना

शांघायला नोकरीसाठी येणारी आपली मंडळी मला पहिलं विचारतात, तूरडाळ मिळते का? मिळते हो, पण आधी पोलिसांकडे नोंदणी करा! हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेलवाले करतात. भाड्याच्या किंवा मित्राच्या घरी राहिलात तर २४ तासांत ते तुम्हीच करायचं. पासपोर्ट आणि भाडेकरार जवळ ठेवा. नोंदणीचा कागद फेकू नका, निवास परवान्याला तो लागतो. त्या परवान्याचा अर्ज चीनमध्ये पाऊल ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचा.

पैशांचं तंत्र निराळंच. भाजीवाल्या मावशीसुद्धा सुट्टे देत बसत नाहीत, क्यूआर कोडची पाटी पुढे सरकवतात. निघण्यापूर्वीच अलीपे फोनवर घ्या आणि आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला जादा शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के. व्हॉट्सॲप आणि गूगल इथल्या इंटरनेटवर बंद. घरच्यांना हे आधीच सांगा, नाहीतर आई उगाच जिवाला घोर लावून घेते.

घरमालक बहुधा तीन महिन्यांचं भाडं आगाऊ आणि वर एका महिन्याची अनामत मागतो, तेवढी तजवीज हवी. नळाचं पाणी उकळूनच प्या. आणि पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी १२० हे नंबर आजच पाठ करा.