पोरगं हट्टी नाही, घाबरलंय

अकोला-अमरावतीकडच्या आया बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार जवळपास त्याच शब्दांत सांगतात : ‘‘लय जोर लावते जी पोरगं, पण शी होतच नाही.’’ नीट विचारलं की कळतं, मूल दोन-अडीच वर्षांचं आहे. दाराआड जाऊन उभं राहतं, टाचा उचलतं, पाय आवळून घेतं, चेहरा लाल होतो. घरच्यांना वाटतं, ते कुंथतंय. खरं तर ते शी रोखून धरत असतं.

सुरुवात बहुधा एका कडक, दुखऱ्या शीने होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी पोटात कमी आणि दिवसभर दुधाची बाटली, जोडीला चहा-बिस्किट. एकदा दुखलं की मूल ठरवतं, पुन्हा नको. थांबवलेल्या मळातलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं, मळ आणखी कडक होतो आणि पुढची शी जास्त दुखते. पुढे तुंबलेल्या मळाच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी भरते. घरचे त्याला जुलाब समजून ते थांबवण्याचं औषध देतात नि दुखणं वाढतं.

त्यात संडासाची भीती. तान्हेपणी आजी पायांवर धरून शी करवायची, तिथे ऊब होती. तेच मूल आता एकटं, अंधाऱ्या खोलीत, खोल भोकावर पाय फाकवून बसवायचं! २०१४ नंतर गावोगावी संडास झाले, चांगलंच झालं. पण ते मोठ्यांच्या मापाचे.

म्हणून आधी दुखणं थांबवा, सवय नंतर. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखं मळ मऊ करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावं लागतं, आणि ते निदान दोन महिने चालतं. चार दिवसांत पोट साफ झालं की बहुतेक घरी बाटली फडताळात जाते. ‘सवय लागेल’ म्हणतात. ही औषधं मळात पाणी धरून ठेवतात, आतड्याला आळशी करत नाहीत. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. वरण, भाजी, पपई, संत्र्याच्या फोडी वाढवा. साबणाची कांडी, पानाचं देठ मात्र नको. भीती जिथे बसली आहे, तिथेच ते पुन्हा टोचायचं!

या काळात मूल डायपर मागत असेल तर द्या. रोखण्यापेक्षा डायपरमधली शी बरी. मग तोच डायपर लावून संडासाच्या दाराशी. पुढे अंगणात किंवा खोलीत छोटी पॉटी, सुरुवातीला चड्डीसकट बसलं तरी चालेल. जेवणानंतर आतडं आपोआप हलू लागतं; तेव्हा पाच मिनिटं बसवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत. शी झाली नाही तरी उठू द्या. पाणी ओतायचं किंवा फ्लश ओढायचा तो मूल बाहेर गेल्यावर. आणि शेजारच्या पोराचं उदाहरण तेवढं देऊ नका, मावशींनाही सांगून ठेवा.

जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा पायांत जोर कमी वाटत असेल, तर ही साधी भीती नव्हे. अशा मुलाला घरगुती उपायांत न अडकवता बालरोगतज्ज्ञाकडे लगेच न्या.