टोळी मुलाला बिघडवते, की बिघडलेली मुले टोळीत जातात?

एखाद्या मुलाचे नाव गुंडगिरी करणाऱ्या टोळक्याशी जोडले गेले, की शिक्षकांच्या खोलीत दोन मते ऐकू येतात. एक, तो मुळातच तसा होता. दुसरे, तो संगतीने वाया गेला. दोन्ही मतांसाठी आपल्याकडे म्हणी तयार आहेत. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही एक आणि ढवळ्या-पवळ्याची दुसरी. यांपैकी खरी कोणती, हे मोजून पाहता येईल का?

टोळ्यांचा अभ्यास तसा जुना आहे. फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने शिकागो शहरातील १,३१३ टोळ्यांची माहिती जमवून १९२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक टोळ्यांची सुरुवात गल्लीतल्या साध्या खेळगड्यांच्या गटातून होते, असे त्याला दिसले. टोळीतील मुले इतरांपेक्षा अधिक गुन्हे करतात, हेही पुढे अनेक पाहण्यांत आढळले. परंतु एकदाच केलेल्या पाहणीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. एकदा थर्मामीटर लावून ताप चढतो आहे की उतरतो आहे, ते कळत नाही. त्यासाठी तापाचा तक्ता ठेवावा लागतो.

असा तक्ता टेरेन्स थॉर्नबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९८८ साली मांडायला घेतला. सरकारी शाळांतील सातवी-आठवीची १,००० मुलेमुली त्यांनी निवडली. गुन्ह्यांचे प्रमाण अधिक असलेल्या वस्त्यांतील मुले आणि एकूणच मुलगे यांची संख्या त्यांत मुद्दाम जास्त ठेवली. दर सहा महिन्यांनी मुलांच्या मुलाखती होत. पालकांनाही प्रश्न विचारले जात. शिवाय शाळेच्या आणि पोलिसांच्या नोंदी पाहिल्या जात.

यामागचा तर्क सोपा आहे. मुले मुळातच गुन्हेगारी वृत्तीची असतील, तर टोळीत जाण्यापूर्वी, टोळीत असताना आणि ती सोडल्यावर, तिन्ही काळांत त्यांचे गुन्हे इतरांपेक्षा जास्तच असायला हवेत. उलट टोळीचाच प्रभाव असेल, तर वाढ फक्त मधल्या काळात दिसेल. प्रयोगशाळेत आम्ही तुलनेसाठी दुसरा नमुना ठेवतो. येथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आणि नंतरच्या वागण्याशी करता आली.

निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. टोळीत जाण्यापूर्वी ही मुले इतरांहून फारशी वेगळी नव्हती. टोळीत असताना गुन्हे, विशेषतः मारामाऱ्या व हिंसाचार, वाढले आणि बाहेर पडल्यावर ते कमी झाले. पुढच्या संशोधनात थोडा आधीचा फरकही आढळला आहे, पण टोळीमुळे पडणारी भर त्याने पुसली जात नाही. ही भर लहान नव्हे. रॉचेस्टरच्या नमुन्यात कधी ना कधी टोळीत गेलेली मुले सुमारे ३० टक्के होती. गंभीर गुन्ह्यांपैकी ८६ टक्के गुन्हे त्यांच्या नावावर होते.

याच तक्त्यात एक दिलासाही आहे. टोळीतील निम्म्या मुलग्यांचे सदस्यत्व एक वर्ष किंवा त्याहूनही कमी काळ टिकले. जे अधिक काळ राहिले, त्यांच्या शाळा सुटण्याचे आणि पुढे नोकरीत स्थिर न होण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे 'टोळीतला मुलगा' ही मुलाची जात नसून बहुधा त्याच्या आयुष्यातला एक टप्पा असतो. तो किती लांबतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

मग टोळीलाच हाताशी धरून सुधारावे का? माल्कम क्लाइन या समाजशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसमधील अशा एका उपक्रमाचे मूल्यमापन केले. १९६१ ते १९६५ या काळात तेथील कार्यकर्ते टोळ्यांसाठी सहली, खेळ आणि बैठका भरवत. त्यामुळे टोळ्यांची एकजूट वाढली आणि तिच्याबरोबर गुन्हेही वाढले! नंतरच्या प्रयोगात क्लाइनने गटाचे कार्यक्रम कमी करून एकेका मुलाला शिकवणी आणि काम मिळवून देण्यावर भर दिला. तेव्हा एकजूट आणि गुन्हे दोन्ही घटले.

अमेरिकन शहरांतील आकडे आपल्या गावांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण रॉचेस्टरमध्ये टोळीकडे वळलेल्या मुलांत शाळेशी आणि शिक्षकांशी असलेले नाते आधीच सैल झालेले आढळले होते. टोळक्यात दिसणाऱ्या मुलाच्या नावावर आपण फुली मारतो, तेव्हा हेच नाते तुटते आणि त्याचा तो टप्पा लांबतो. त्याला वर्गात एकट्याने करायचे एखादे जबाबदारीचे काम देणे, हे मात्र आपल्या हातात आहे.