‘एल्. बी. डब्ल्यू.’ : तीन अक्षरांचा अर्थ



क्रिकेटचा धांवफलक वाचतांना फलंदाजाच्या नांवापुढें ‘एल्. बी. डब्ल्यू.’ हीं तीन अक्षरें अनेकदां आढळतात. एखाद्या चौकस मुलानें ‘म्हणजे नक्की काय?’ असें विचारलें, तर ‘पाय मध्यें आला’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे; आणि या अपुरेपणामुळेंच पंचांवर पुष्कळदां विनाकारण दोषारोप होतो.

या अक्षरांचा विस्तार ‘लेग बिफोर विकेट’, म्हणजे यष्टीपुढें पाय. मराठींत त्यासाठीं ‘पायचीत’ हा सुटसुटीत शब्द रूढ आहे. ‘धांवचीत’ आणि ‘यष्टिचीत’ हे त्याचेच भाऊ. यांतील ‘चीत’ हा शब्द कुस्तीच्या आखाड्यांतला; पाठ मातीला लागली कीं मल्ल चीत होतो. फलकावर या अक्षरांनंतर गोलंदाजाचें नांव येतें, कारण हा बळी त्याच्या खात्यावर जमा होतो. धांवचीत झालेल्या गड्याचा बळी मात्र गोलंदाजाला मिळत नाहीं.

१७४४ सालच्या नियमांत बाद होण्याचा हा प्रकारच नव्हता. १७७४ सालीं तो प्रथम आला. चेंडू अडविण्याच्या हेतूनें फलंदाजानें यष्टीपुढें पाय घातला, तर तो बाद, असें तेव्हां ठरलें. पण दुसऱ्याच्या मनांतील हेतु पंचानें ओळखावा कसा? म्हणून १७८८ सालीं मेरिलबोन क्रिकेट क्लबनें हेतूची अट काढून टाकली आणि चेंडूचा टप्पा यष्टीच्या सरळ रेषेंत पडला पाहिजे, अशी अट घातली. तिचा लाभ फलंदाजांनीं पुरेपूर घेतला. ऑफ-बाजूला टप्पा पडून आंत वळणारा चेंडू ते निर्धास्तपणें पॅडवर घेऊं लागले. त्याला आळा घालण्यासाठीं १९३५ सालीं तसा चेंडूहि पायचीतास पात्र धरण्याचा प्रयोग झाला, आणि १९३७ सालीं तो नियम कायम झाला.

आज पंचाला क्षणार्धांत पांच प्रश्न सोडवावे लागतात. चेंडू नो-बॉल नव्हता ना? त्याचा टप्पा लेग-यष्टीच्या बाहेर पडला नाहीं ना? तो आधीं बॅटीला लागला नाहीं ना? अंगाला लागतांना तो यष्ट्यांच्या रेषेंत होता ना? ऑफ-यष्टीच्या बाहेर लागला असल्यास, फलंदाजानें तो खेळण्याचा खराखुरा प्रयत्न केलेला नसेल तरच तो बाद ठरतो. आणि शेवटचा प्रश्न : अंग मध्यें नसतें, तर चेंडू यष्टीवर आदळला असता ना? शिवाय क्षेत्ररक्षकांनीं दाद मागितल्याखेरीज पंच हा निर्णय देऊं शकत नाहीं.

मी ‘अंग’ म्हणालों, तें जाणूनबुजून. नांवांत पाय असला तरी नियमांत सर्व शरीर येतें. १९९९ सालीं अॅडलेडच्या कसोटींत मॅकग्राचा चेंडू उसळेल या अपेक्षेनें सचिन तेंडुलकर खालीं वांकला. चेंडू उसळला नाहीं. तो खांद्यापाशीं लागला, आणि तेंडुलकर शून्यावर पायचीत झाला. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. पण खांद्याला लागलेल्या चेंडूवर पायचीत देतां येत नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये.

पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें डोळ्यांनीं पाहून देतां येतात. पांचवा निराळा आहे. तेथें जें घडलेंच नाहीं, त्याविषयीं न्याय द्यावयाचा असतो. म्हणूनच गल्लींत पंचावांचून खेळणारीं मुलें बहुधा पायचीत मोजीतच नाहींत. निःपक्षपाती तिऱ्हाईत नसेल, तर या नियमाचें रूपांतर भांडणांत होतें. २००८ सालीं भारत आणि श्रीलंका यांच्या कसोटी मालिकेंत यंत्राच्या साह्यानें पंचांचा निर्णय तपासण्याची पद्धति प्रथम अजमावली गेली. पण यंत्र दाखवितें तो चेंडूचा पुढील मार्गहि अनुमानच असतो. त्या अनुमानांत चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जात असेल, तर मैदानावरील पंचाचाच मूळ निर्णय कायम राहतो.

तेव्हां पुढील वेळीं आपल्या आवडत्या खेळाडूपुढें हीं तीन अक्षरें दिसलीं, तर पंचाला बोल लावण्यापूर्वीं हे पांच प्रश्न मनाशीं क्रमानें विचारून पाहावेत, आणि शेजारीं बसलेल्या मुलांनाहि विचारावयास लावावेत. रागाच्या आधीं प्रश्न विचारण्याची संवय मैदानाबाहेरहि उपयोगी पडते.