गाडी चमकली, हिशोबाचं काय?

‘भाऊ, गाडी धुवायचे किती?’ कार डिटेलिंगमध्ये नव्याने उतरलेल्या कुणालाही येणारा पहिला मेसेज साधारण हाच असतो. गडबडही तिथूनच सुरू होते. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं कोपऱ्यावरचं वॉशिंग सेंटर. फोम मारला, पाण्याचा फवारा मारला, फडकं फिरवलं, अर्ध्या तासात गाडी बाहेर. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात सीटच्या रुळांत अडकलेले बिस्किटांचे तुकडे, एसीच्या जाळीतली धूळ आणि बोअरच्या जड पाण्याने बॉनेटवर पडलेले पांढरे डाग, जे शाम्पूने जात नाहीत. दोघं बोलतात एकाच गाडीबद्दल, पण काम वेगवेगळं असतं. मग मुलगा घाबरत घाबरत ‘पंधराशे’ म्हणतो, समोरचा ‘एवढे?’ म्हणतो आणि सौदा बाराशेवर तुटतो.

पॉकेटमनीसाठी वीकेंडला डिटेलिंग करावं, असं पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात असतं. स्वाभाविक आहे. दुकान लागत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करता येतं आणि बिफोर-आफ्टरचं रील तर असं दिसतं की आपल्यालाही लगेच ब्रश घेऊन सुटावंसं वाटतं. रीलमध्ये दिसत नाही ते नंतर घरी बाथरूममध्ये बसून वीस मायक्रोफायबर कापडं धुणं. (सॉफ्टनर टाकायचा नाही बरं का, कापडाचे धागे बुजतात आणि मग ते पाणी नीट शोषत नाही.) हा वेळ कुणी बिलात धरत नाही. माझ्या मते नवख्यांचे पैसे बुडतात ते इथे, ग्राहकाच्या घासाघिशीत नाही.

एक हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, एका हॅचबॅकचं आतून-बाहेरून काम पंधराशेला घेतलं, कारण शेजारच्या एरियातला मुलगा अठराशे घेतो. जाण्या-येण्यात एक तास. गाडी बघणं, सामान मांडणं अर्धा तास. धुणं आणि क्ले बार फिरवून पत्र्यावर चिकटलेली खरखर काढणं दीड तास. आतलं काम अडीच तास. वरून सीलंट आणि काचा एक तास. घरी येऊन कापडं-ब्रश धुणं आणखी एक तास. झाले साडेसात तास. आता खर्च. केमिकल दोनशेचं, पेट्रोल शंभरचं. प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशर, बादल्या असं मिळून छत्तीस हजारांचं सामान घेतलं असेल, ते दोन वर्षं टिकणार असेल आणि महिन्याला आठ गाड्या होत असतील, तर प्रत्येक गाडीमागे सामानाचेच जवळपास १९० रुपये पडतात. एकूण खर्च ४९०. हातात उरले १,०१०. भागिले साडेसात, म्हणजे तासाला १३५ रुपये. मित्राला मदतीला नेलं आणि तोही पूर्ण वेळ राबला, तर निम्मे. याला आपल्याकडे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

हाच हिशोब उलटा करा. आधी तासाला किती हवेत ते ठरवा. २५० धरू. साडेसात तासांचे १,८७५, खर्चाचे ४९०, झाले २,३६५. त्यावर पंधरा टक्के वर ठेवायचे. ऐनवेळी कुणी बुकिंग रद्द करतं, कधी एखादं काम पुन्हा करून द्यावं लागतं, त्यासाठी. आकडा येतो २,७०० च्या आसपास. म्हणजे शेजारच्या मुलाचा अठराशेचा रेट तुम्हाला काहीच सांगत नाही. त्याचे तास, त्याचं सामान तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित तोही तोट्यातच असेल आणि त्याला ते अजून कळलेलं नसेल!

बरं, सगळ्या गाड्यांना एकच रेट लावणंही चुकीचं. सात सीटर वेगळी, घरात कुत्रा असलेल्यांची हॅचबॅक वेगळी. फॅब्रिक सीटमध्ये घुसलेले केस काढायला जो वेळ जातो, त्यात दुसरी अर्धी गाडी होते. म्हणून फोनवर ‘इथपासून पुढे’ असा आकडा सांगायचा आणि पक्का रेट गाडी बघूनच द्यायचा.

पेंट करेक्शनच्या बाबतीत तर हा नियमच समजा. रोज सकाळी धूळ बसलेल्या गाडीवर ओलं फडकं फिरवलं, की ती धूळच पत्र्यावर घासली जाते. उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. त्या काढायच्या म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, किंचित घासून सपाट करायचा. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसापेक्षाही बहुधा पातळ. तो परत येत नाही. कडेला मशीन जास्त वेळ टेकवली, की खालचा रंग उघडा पडतो आणि तुमची तीन महिन्यांची कमाई पेंटरला जाते. त्यामुळे शिकायचं असेल तर डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये टाकून दिलेलं जुनं बॉनेट मिळवा आणि त्यावर हात बसवा. दुसऱ्याच्या बारा लाखांच्या गाडीवर नको. काम घेतलंच, तर आधी एका छोट्या चौकोनात करून बघायचं, किती वेळ लागतो ते मोजायचं आणि मग आकडा बोलायचा.

आता ग्राहक आणायचे कुठून? पहिल्या महिन्यात ‘फ्लॅट ५०% ऑफ’ची पोस्ट टाकायचा मोह सगळ्यांना होतो. मला तो फसवा वाटतो. अर्ध्या किमतीत आलेला माणूस पुढच्या वेळी पूर्ण किंमत ऐकून दुसरीकडे अर्धी किंमत शोधतो. त्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गाडी अशी करा, की बाजूच्या स्लॉटवाले काका थांबून बघतील. बॉनेटच्या मधोमध पट्टी लावून निम्मा भाग पॉलिश केला आणि निम्मा तसाच ठेवला, की वेगळं बोलावं लागत नाही. मात्र त्याआधी कमिटीची परवानगी, पाणी कुठून घ्यायचं आणि वीज कुठून, हे विचारून ठेवा. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू असताना प्रेशर वॉशर लावून बसलात, तर तुमची जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होईल, पण वेगळ्या अर्थाने.

हंगाम ओळखणं हेही ग्राहक मिळवणंच आहे. पाडवा आणि दसऱ्याला नव्या गाड्या घरी येतात, तेव्हा लोक कोटिंगबद्दल विचारतात. नाताळच्या सुट्टीनंतर कोकण-गोव्याहून परतलेल्या गाड्यांच्या मॅटमध्ये निम्मा किनारा असतो. आणि पावसाळ्यात बाहेरचं काम मंदावलं, तरी ओल्या कार्पेटचा कुबट वास असतोच. तेव्हा आतल्या कामाचा मेसेज टाकायचा.

विश्वास मात्र बसतो तो नाही म्हटल्यावर. स्क्रॅचवर नख फिरवा. नख अडकलं, तर तो ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. सरळ पेंटरकडे पाठवा. सिरॅमिक कोटिंगचंही तसंच. बाटलीवर ९एच लिहिलेलं असतं. तो पेन्सिल हार्डनेसच्या चाचणीतला आकडा आहे. त्याचा अर्थ गाडी चिलखत घालून आली असा होत नाही. कोटिंगमुळे पाणी ओघळून जातं, धुणं सोपं होतं, चमक टिकते. हायवेवर उडालेला खडा किंवा सिग्नलला घासून गेलेली बाइक त्याने थांबत नाही. हे आधी सांगितलं, तर काही लोक कोटिंग करणार नाहीत. पण ‘काही होत नाही’ म्हणून विकलं, तर तोच माणूस सहा महिन्यांनी ओरखड्याचा फोटो पाठवतो आणि गुगलवर एक स्टार देतो.

काम सुरू करण्याआधी मालकाला सोबत घेऊन गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढणं मस्ट आहे. आधीचे डेंट, ओरखडे सगळे त्यात यायला हवेत. सीटखाली सापडलेली नाणी, पावत्या, एखादं कानातलं, सगळं झिपच्या पिशवीत घालून परत द्यायचं. रील किती चांगली होती हे मालक विसरेल, पण ती पिशवी शेजाऱ्यालाही दाखवेल. बुकिंगच्या वेळी थोडे पैसे यूपीआयवर आगाऊ घेतले, तर रविवारी सकाळी आठला ‘सॉरी, बाहेर चाललोय’ हा मेसेज कमी येतो.

आणि ‘शेवटचं किती?’ला काय उत्तर द्यायचं? रेटला हात न लावता कामाला कात्री लावा. दोन हजारच आहेत का? मग आतलं पूर्ण करतो, बाहेर फक्त धुतो, क्ले आणि सीलंट नाही. तीन पॅकेज आधीच लिहून ठेवली असतील, तर हे बोलणं सोपं जातं. ज्यांनी मोठं काम केलंय, त्यांना महिन्याच्या मेंटेनन्स वॉशचा पर्याय द्या. मोठं काम वर्षातून एकदा येतं; दर महिन्याची फी त्याच पैशांनी भरायची असेल तर असे दहा-बारा ठरलेले ग्राहक हवेत.

कागदोपत्री फार काही नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नसताना बिलावर १८ टक्के जीएसटी लावणं हा स्मार्टनेस नाही, बेकायदा आहे.

उरले नातेवाईक. ‘घरचीच गाडी आहे रे’ म्हणणारे काका प्रत्येकाला असतात आणि त्यांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात तरी नाही. त्यांनाही बिल द्या. मूळ दर २,७००, घरची सवलत ७००, देय २,००० असं स्वच्छ लिहून. काका ते बिल चमकत्या गाडीच्या फोटोसकट फॅमिली ग्रुपवर टाकतात. मग मावशीच्या दिरांचा फोन येतो, तेव्हा बोलणं २,७०० पासून सुरू होतं.