उंचावलेल्या ट्रकचे सुकाणू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हांला भूमिती शिकवीत, आणि फळ्यावर वर्तुळाचे एखादे प्रमेय सिद्ध झाले की वर्गाकडे वळून विचारीत, "हे आता बाजारात कुठे दिसते?" आजचा विषय काहीसा आडवाटेचा वाटेल, पण तो त्या प्रश्नाचेच एक उत्तर आहे. जुना, चारही चाकांना गती मिळणारा ट्रक उंच केला की त्याच्या स्टिअरिंगचे काय होते आणि ते पुन्हा भरवशाचे कसे करावे, हे मला सांगावयाचे आहे.

यंत्रविषय मराठीतून सांगण्याबद्दल वडोदऱ्यात तरी क्षमा मागण्याचे कारण नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन काढले, आणि त्रिभुवनदास गज्जरांनी देशी भाषांतून शास्त्रीय ग्रंथ व्हावेत म्हणून खटपट केली. मात्र ड्रॅग लिंकला मी ड्रॅग लिंकच म्हणणार. कारखान्यातला माणूस ज्या नावाने वस्तू मागतो तेच तिचे नाव.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात होतो. तेथील डोंगरांत खाणींसाठी पाडलेल्या जुन्या कच्च्या वाटा आहेत, आणि त्यांवरून जुने ट्रक हाकण्याचा छंद पुष्कळांना आहे. मी घेतलेला ट्रक १९७९ सालचा शेव्हरोले के-१० होता. १९७३ ते १९८७ या पिढीतला. पुढे अखंड अॅक्सल, त्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा; आपल्याकडच्या जुन्या जीपची जी ठेवण, तीच थोरल्या मापात. आधीच्या मालकाने तो सहा इंच उंच करून त्याला पस्तीस इंच व्यासाचे टायर चढविले होते. स्टिअरिंग मात्र मूळचेच ठेवले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चॅसी उंच केल्याने अॅक्सल जमिनीपासून तसूभरही वर जात नाही. अॅक्सल उचलतो तो मोठा टायर. चॅसी उंच करावयाची ती त्या टायरला फिरण्यास जागा मिळावी म्हणून. परंतु स्टिअरिंगचा बॉक्स चॅसीला बसविलेला असतो आणि तो ज्यांना वळवितो ती चाके अॅक्सलला. चॅसी वर गेली, अॅक्सल खाली राहिला, आणि या दोघांना जोडणारी दांडी तिरपी झाली. पुढच्या सर्व तक्रारींचे मूळ या तिरपेपणात आहे.

मूळची रचना अशी. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. डाव्या चॅसीपट्टीवर, अॅक्सलच्या पुढे, स्टिअरिंगचा बॉक्स असतो. त्यातून निघालेला पिटमन आर्म खाली लोंबतो आणि घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे हलतो. त्याच्या टोकाला ड्रॅग लिंक नावाची दांडी. ती मागे जाऊन डाव्या चाकाच्या नकलवरील आर्मला मिळते. दांडी ढकलली की चाक एकीकडे, ओढली की दुसरीकडे. डावे चाक उजव्याला टाय रॉडने बांधलेले असतेच.

आता झोपाळा आठवा. झोपाळा खाली स्थिर असताना त्याला थोडे पुढे ढकलले तर पाट फारसा वर चढत नाही. पण तो आधीच एका बाजूला गेलेला असेल तर तेवढ्याच ढकलण्याने पाट चांगलाच वर चढतो. ड्रॅग लिंकचे टोकही असेच वर्तुळाच्या चापावरून फिरते. समजा, दांडी ६० सेंटिमीटर लांब आणि आडवी आहे. चाक खड्ड्यात १० सेंटिमीटर उतरले, तर पायथागोरसाच्या नियमाने दांडीची आडवी पोच सुमारे ८ मिलिमीटरने कमी होते. आता ट्रक सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर उंच केला. दांडीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा तेवढेच खाली गेले. त्याच खड्ड्यात तेच चाक तेवढेच उतरू द्या. आता आडवी पोच साडेतीन सेंटिमीटरने कमी होते! नकलवरचा आर्म १५ सेंटिमीटरचा धरला तर पहिल्या वेळी चाक तीन अंशांनी वळले असते. दुसऱ्या वेळी तेरा अंशांनी वळते, आणि तेही चालकाने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलेले असताना. प्रत्यक्षात स्प्रिंग अॅक्सलला थोडे मागेपुढे सरकविते, त्यामुळे आकडे बदलतात. प्रवृत्ती बदलत नाही. एका अंगाला दरी असलेल्या वाटेवर तेरा अंश ही अभ्यासापुरती संख्या राहत नाही.

यावर बाजारात दोन स्वस्त उपाय मिळतात. पहिला, अधिक खाली उतरणारा लांब पिटमन आर्म. दांडी आडवी होते खरी. पण आर्म लांब झाला की बॉक्सच्या दंडावर येणारा पीळही वाढतो, आणि मोठ्या टायरांनी तो आधीच वाढविलेला असतो. हा उपाय मला मुळीच पसंत नाही. दुसरा उपाय नकलवरचा आर्म उंच करण्याचा. तो बरा आहे. तथापि त्यातही एक मेख आहे. ब्रेक दाबला की चाकांबरोबर अॅक्सलही फिरू पाहतो आणि पाट्यांना पीळ देतो. अॅक्सलच्या वर जितका उंच आर्म, तितके त्याचे टोक या वेळी पुढे सरकणार. आणि दांडी मागे-पुढे धावणारी असल्यामुळे ते सरकणे सरळ चाकांच्या वळण्यात उतरते. सपाट रस्त्यावर ब्रेक लावताना ट्रक एकीकडे ओढत असेल, तर ब्रेकला दोष देण्यापूर्वी हे पाहावे.

खरा उपाय दांडीची दिशाच बदलण्याचा. तिकडे त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. याच पिढीतील दोन चाकांना गती देणाऱ्या ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स घ्यावयाचा. त्याचा आर्म आडवा असतो आणि डावी-उजवीकडे हलतो. त्यावरून निघालेली ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीभर आडवी जाऊन उजव्या नकलला मिळते. यात तीन लाभ आहेत. दांडी लांब होते. मीटरभर लांबीची आडवी दांडी वरच्याच खड्ड्यात पाचच मिलिमीटर फरक दाखविते, म्हणजे जेमतेम दोन अंश. ब्रेकच्या वेळी आर्मचे टोक पुढे सरकले तरी दांडी आडवी असल्याने चाकांना ते फारसे जाणवत नाही. शिवाय डावे चाक खोल खड्ड्यात लोंबले तरी दांडी त्याला बांधलेली नसते.

काम मात्र सोपे नाही. उजव्या नकलचा माथा यंत्रावर सपाट करून, भोके पाडून, आटे कापून त्यावर नवा आर्म बसवावा लागतो. हे काम मी जाणत्या यंत्रशाळेकडे दिले आणि तसेच द्यावे असे म्हणेन. सहापैकी दोन आटे जरी सैल कापले गेले तरी तो आर्म रस्त्यावर निघून येऊ शकतो, आणि त्यानंतर स्टिअरिंगचे चक्र केवळ शोभेपुरते उरते. सर्व बॉल जॉइंटांच्या नटांना कॉटर पिन हवीच. पिनेचे भोक जुळत नाही म्हणून नट मागे सैल करणे हा अनेकांचा आळस मी पाहिला आहे. नट पुढेच आवळून भोक जुळवावयाचे असते.

बॉक्स उतरविला तेव्हा त्यामागची चॅसीपट्टी घासून स्वच्छ केली. एका बोल्टाच्या भोकापासून केसासारखी बारीक चीर निघालेली होती. जड टायर जागच्या जागी वळविताना बॉक्स चॅसीला पिळतो. मूळ टायरांच्या हिशेबाने केलेल्या पत्र्याला ते वर्षानुवर्षे सोसत नाही. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबविली, वेल्डिंग केले, आणि बॉक्सच्या मागे चॅसीला आतून जाड पट्टीचा आधार दिला. स्टिअरिंग सुधारावयाचे म्हणून नवा बॉक्स आणि नवा पंप आणणारे पुष्कळ. ते ज्या पत्र्यावर उभे राहणार तो पाहणारे थोडे.

पॉवर स्टिअरिंगबद्दलही दोन शब्द. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२०च्या दशकात ते गाडीवर चालवून दाखविले; १९५१ साली क्रायस्लर इंपीरियलवर ते विक्रीला आले. तेलाचा दाब चाके वळविण्यास मदत करतो, एवढेच त्याचे काम. मोठ्या टायरांसाठी बॉक्समधील दाब एका वेगळ्या सिलिंडरला देऊन टाय रॉडला जोड देता येते, आणि ते मला मान्य आहे. पण दांड्याच काढून टाकून केवळ तेलाच्या नळ्यांनी चाके वळविण्याची जी पद्धत खडकांवरच्या शर्यतींत चालते, ती सार्वजनिक रस्त्यावरच्या वाहनाला मी कधीही लावणार नाही. तेथे नळी फुटली की चक्र आणि चाक यांचा संबंध संपला.

चक्र इंचभर फिरविले तरी चाके हलत नाहीत, अशी तक्रार जुन्या गाडीत नेहमीची. लोक लगेच बॉक्सवरचा स्क्रू आवळतात. त्याने बॉक्स मध्यभागी अडकू लागतो आणि वळणानंतर चक्र सरळ येत नाही. त्याऐवजी इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवरच असताना एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा पाहावा. माझ्या ट्रकमधील बराचसा खेळ चक्राच्या दांड्यातील रबरी चकतीत होता. तिच्या जागी युनिव्हर्सल जॉइंटचा दांडा घातल्यावर तो गेला.

उंच स्प्रिंगांमुळे अॅक्सल थोडा फिरलेलाही असतो. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून सायकल सरळ धावते. ट्रकच्या नकललाही तसाच कल लागतो. तो कमी झालेला असेल तर उत्तम स्टिअरिंग लावूनही ट्रक रस्त्यावर भटकतो. स्प्रिंग आणि अॅक्सल यांमध्ये पाचरी घालून तो कल परत आणावा, आणि मगच चाकांची समांतरता मोजावी.

येथे बसलेल्या तरुणांसाठी कायद्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कोलोरॅडोत जे मर्यादेत चालते ते येथे चालेलच असे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास प्रतिबंध करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते काटेकोरपणे लागू केले. तेव्हा घरच्या जुन्या जीपला उंच करण्याची हौस कोणास असेल तर त्याने आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी.

एक उणीव क्रॉसओव्हरमध्येही उरते. दांडी आडवी असल्यामुळे तिचा जोर चॅसीला बाजूला ढकलतो, आणि स्प्रिंगांचे शॅकल व बुश सैल असतील तर चक्राचे पहिले थोडे फिरणे चाके वळविण्याऐवजी चॅसी सरकविण्यातच खर्ची पडते. मी बुश नवे घातले. किंचित सरकणे तरीही राहिले. आडवा दांडा टाकून तेही थांबविता आले असते, पण त्याचा चाप ड्रॅग लिंकच्या चापाशी जुळवावा लागला असता आणि त्या अॅक्सलवर तेवढी जागा नव्हती. पहिल्या शंभर मैलांनंतर सर्व नट पुन्हा आवळले आणि ट्रक डोंगरात नेला.